पाणी जोखताना

या, बसा. आडाच्या काठावर नको, तिथं शेवाळ धरलंय. शेजारचा धुण्याचा दगड कोरडा आहे, त्यावर बसा. सकाळचे सात वाजून गेलेत, ऊन अजून परड्यात उतरलेलं नाही. गोठ्यात म्हैस कडबा ओढतेय, तिचा आवाज येईल, येऊ दे. आज आपल्याला एवढंच करायचं आहे, या आडाचं बाटलीभर पाणी तपासायला न्यायचं. बाटली भरायला दोन मिनिटं लागतात. त्याआधी मी तुम्हाला इथं जरा बसवून ठेवणार आहे.

तुमच्या घरी आड नसेल तर हाच तुमचा समजा. बोअर असेल तर तिचं गंजकं झाकण डोळ्यांसमोर आणा. हे गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. कोल्हापूर सायकलनं गाठता येईल इतकं जवळ. आड माझ्या पणजोबांनी खणला. पस्तीस फूट खोल. वरचे पंधरा फूट घडीव दगडाची बांधणी, खाली नुसता खडक.

आत डोकवा. आधी काहीच दिसणार नाही. डोळे सरावले की दगडांच्या सांध्यातनं फुटलेलं पिंपळाचं रोप दिसेल, मग कबुतराची विष्ठा, मग अगदी खाली आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्यात तुमचं डोकं. हाक मारावीशी वाटेल. मारा. लहानपणी सगळ्यांनीच मारलेली असते.

आता मनातल्या मनात स्वतःला विचारा: या पाण्याविषयी मला काय ठाऊक आहे?

उत्तर झटकन येईल. पाणी गोड आहे.

तिथंच थांबा, त्या शब्दापाशी. पाणी गोड म्हणताना आपल्या डोक्यात साखर नसते. खारं नाही, मचूळ नाही, प्यालं की तहान भागते, एवढं सगळं त्यात आलं. शिवाय त्यात आज्जी असते, मे महिन्याची सुट्टी असते, तांब्याची कळशी आणि तिच्या गळ्याशी जमलेलं दव असतं. आमच्या आडाचं पाणी म्हणजे अमृत, असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. पण त्याच्या बोलण्यात पाणी किती आणि आठवण किती, हे त्यालाही सांगता यायचं नाही. कोल्हापुरात तर पाण्याचा अभिमान रक्तातच आहे. इथल्या पैलवानाची ताकद, इथला गूळ, इथला रस्सा, सगळ्याचं श्रेय शेवटी पाण्याला जातं. एखाद्याची कुवत बघायची तर आपण म्हणतो, त्याचं पाणी जोखलं. खासबागेत कुस्ती लागली की डाव पडायच्या आधी खडाखडी होते, दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून अंदाज घेतात. माणसाचं पाणी आपण असं जोखतो. आडाचं पाणी जोखायची वेळ आली की मात्र म्हणतो, गोड आहे.

जीभ ही काही वाईट प्रयोगशाळा नाही. मीठ वाढलं की ती सांगते, लोह असलं की गंजाची चव सांगते. त्याच्या पुढची तपासणी आईकडं असायची. नव्या गावात गेली की ती पहिल्यांदा विचारायची, "पाण्यात डाळ शिजती का?" माझी बहीण शिरोळ तालुक्यात दिलीय. लग्नानंतर आठवड्याभरात तिचा फोन आला, कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ टपटपीत राहते म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "सोडा टाक की चिमटीभर, इथलं पाणीच जड." डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात, पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी आवळून धरतं, म्हणून डाळ फुटत नाही. आईला पेक्टिन माहीत नव्हतं, तपासणी मात्र बिनचूक होती.

त्या डाळीच्या मागं मागं जरा वर जाऊ या. डोळे मिटले तरी चालतील. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पावसाचा एक थेंब पडतोय. त्यात जवळपास काहीच नाही, हवेतनं येताना मिसळला तेवढा कार्बन डायऑक्साइड. मातीत शिरला की मुळांच्या श्वासातनं आणखी थोडा मिळतो आणि थेंब किंचित आंबट होतो. इतका किंचित की जिभेला कळणार नाही, पण खडकाला कळतो. तिकडं वर जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं विरघळण्यासारखं सगळं कधीच धुऊन नेलंय, मागं लोह आणि ॲल्युमिनियम उरलंय. बॉक्साइट काढतात ते त्यातनंच. म्हणून तिथल्या झऱ्याचं पाणी हलकं. साबण लावला की हात धुता धुता कंटाळा येतो, बुळबुळ जात नाही.

तोच थेंब पूर्वेकडं पडला असता तर? गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जिल्हा एकच, गाडीनं दोन-अडीच तासांचं अंतर. शिरोळकडं काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. तिथं थेंबाला धावायची घाई नाही. तो मुरमात रेंगाळतो, भेगांत थांबतो, आणि जितका थांबतो तितकं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट अंगात घेतो. त्यात उसाला वर्षानुवर्षं दिलेलं पाणी. ते उन्हानं वर ओढलं जातं, वाफ होते, क्षार मागं राहतात. शिरोळ-हातकणंगल्याकडच्या क्षारपड रानांत उन्हाळ्यात पांढरी खपली दिसते ती हीच. आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ते पाणी काढून देतात आणि पडीक रानं पुन्हा लागवडीखाली येतायत. बहिणीच्या कुकरात न शिजलेली डाळ ही एवढ्या लांबची गोष्ट आहे.

इथवर कुणाचाच दोष नाही. खडकानं दिलं, पाण्यानं घेतलं. अर्थात खडकानं दिलंय म्हणजे निर्धोक, असंही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवटकडं काही गावांत मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, थोरांची हाडं आखडतात. ते फ्लोराइडमुळे. ते कुणी ओतलेलं नाही, खडकातलंच आहे, आणि पाण्याला त्याची चव नाही.

पणजोबांनी आड खणायच्या आधी पाणाड्या आणला होता म्हणे. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो परडंभर चालला, नारळ उभा राहिला तिथं कुदळ मारली. त्याला दोन प्रश्न विचारले होते: पाणी लागेल का, आणि किती हातांवर. कसलं पाणी, हा प्रश्न कुणाला सुचला नाही. सुचायचं कारणही नव्हतं.

आता उठा. आडाकडं पाठ करा.

पाणी बघायला आलो आणि पाण्याकडं पाठ काय करायची, असं वाटेल. पण आडातलं पाणी आडात तयार होत नाही. ते आजूबाजूच्या जमिनीतनं झिरपत येतं, आपल्या पायांखालून, आत्तासुद्धा. चप्पल काढा. माती गार लागेल. दोन श्वास तसेच उभे राहा. मग माझ्याबरोबर पावलं मोजत चला. गोठ्यापर्यंत चौदा. उकिरड्यापर्यंत बावीस. मागच्या बांधापर्यंत तीस, आणि बांधापलीकडं ऊस, नदीपर्यंत ऊसच. परत आडापाशी या. आता डाव्या हाताला, पांढऱ्या फरशीच्या त्या खोलीकडं. अकरा.

अकरा पावलं म्हणजे पंचवीसेक फूट. तो आमचा संडास, आणि त्याच्या मागं शोषखड्डा. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट लांब असावा असं सांगतात. या बाजूला ५० फूट मोजायचे तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जावं लागेल.

या अकरा पावलांवर मला जास्त वेळ थांबायचं आहे. संडास बांधला तेव्हा संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव जोरात होतं. वडिलांनी पांढरी फरशी कोल्हापुरातनं आणली, ट्रॉलीत पेंढ्यावर ठेवून. पाहुणे संडास बघायला यायचे. आईला चाळीस वर्षांत पहिल्यांदा अंधार पडायची वाट बघावी लागली नाही, की उजाडायच्या आत उठावं लागलं नाही. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी शिरा केला होता. खड्डा कुठं खणायचा याची चर्चा अशी झालीच नाही. जागा होती तिथं खणला. आडाचं पाणी अमृत, आणि घरात संडास, दोन्ही गोष्टी आमच्या अभिमानाच्या. त्या दोहोंच्या मध्ये पंचवीस फूट मुरूम होता, आणि मुरूम पाण्याला अडवत नाही.

पन्हाळ्याची अंधारबाव बघितली असेल तुम्ही. तीन मजली, तळात पाणी, वर पहाऱ्याच्या खोल्या, बाहेर पडायला आतून वाट. किल्ल्याला वेढा पडला तर शत्रू आधी पाण्यात विष कालवेल, म्हणून पाण्याभोवती इमारतच उभी केली. मी तिथल्या थंडगार पायऱ्यांवर बसून विचार करत होतो की आमच्या आडाला कुणाचा वेढा आहे? गोठा, उकिरडा, ऊस, संडास. सगळे घरचेच. पहारा ठेवायचा कुणावर?

उसाचं तेवढं सांगतो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंच्या थोडं वर. पिकाला लागेल तेवढं पीक घेतं. उरलेल्याचं जमिनीतले जीवाणू नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋण भार. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी येईल तिकडं जाऊ देते. शेणातलं नत्र, संडासातलं नत्र, सगळ्याचा शेवट हाच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आयोवातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधावरची बाळं निळी पडताना पाहिली आणि त्याचं कारण लिहिलं, ते साल १९४५. तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्याच्या कामातून काढून टाकतं. बाळाचे ओठ, नखं निळसर होतात. आणि यातली सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट अशी की पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही. वाफ निघून जाते, ते तिथंच राहतं, उलट घट्ट होतं. बाळासाठी पाणी दहा मिनिटं जास्त उकळणारी आई डोळ्यांसमोर आणा. जंतूंपुरतं ती बरोबरच करतेय.

पुन्हा दगडावर येऊन बसा. आता ऊन पडलंय.

ऑगस्ट २०१९ मध्ये या दगडावर दहा फूट पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी ती ५५च्या वर गेली. आड आणि नदी एक झाली. आम्ही आठ दिवस पाहुण्यांकडं होतो. शहरातही उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे, आणि चौकाचौकांत टँकरसमोर घागरींच्या रांगा. सगळीकडं पाणीच पाणी आणि प्यायला नाही. पूर ओसरल्यावर परत आलो तर आडात गाळ, मेलेला साप आणि कुणाच्या तरी घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल. मोटर लावून तीनदा उपसा केला, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. त्या पावडरचा वास दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तळाचा खडक दिसायला लागला. वडील म्हणाले, "निवळलं बघ." आणि आम्ही प्यायला लागलो.

निवळलं. हाही शब्द जरा तोंडात धरून बघा. पूर्वी निवळीचं बी उगाळून गढूळ पाण्यात घालायचे, आता तुरटी फिरवतात. गाळ खाली बसतो, पाणी आरपार दिसतं, आणि आपल्याला वाटतं झालं. आरपार दिसणाऱ्या पाण्यात काय असू शकतं, हे इचलकरंजीनं २०१२ च्या काविळीच्या साथीत हजारो माणसांच्या डोळ्यांत बघितलं. तेव्हा आमच्या घरात चर्चा झालेली आठवते: नळाचा काही भरवसा नाही, आपला आड बरा. आड तपासलेला होता का? नव्हता. गावच्या सार्वजनिक स्रोतांची वर्षातनं दोनदा पाहणी होते, पावसाळ्याआधी आणि नंतर, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. परड्यातल्या आडाला कार्ड नाही. त्याचा जलसुरक्षक म्हणजे आपणच.

बरं, आता बाटली.

एक नाही, दोन. ही मोठी, लिटरची, क्षार तपासायला. ही छोटी काचेची, जंतू तपासायला. ती प्रयोगशाळेनंच निर्जंतुक करून दिलीय, तिचं बूच आत्ता उघडायचं नाही. पहिल्या खेपेला मी घरातली सरबताची बाटली घासूनपुसून, आदल्या संध्याकाळी भरून घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी ती उन्हाकडं धरून बघितली.

"पाणी कधी काढलासा?"

"काल सांजंला."

"आणि आणलासा आज दुपारी. बर्फात ठेवलं होतं?"

"नाही."

"मग यात आता तुमच्या आडाचे जंतू किती आणि वाटेत वाढलेले किती, ते मला कसं कळणार हो?"

चूक सगळी माझी होती. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून जितक्या लवकर पोचेल तितका चांगला, चोवीस तासांच्या पुढं तर नाहीच. पण मला लागला तो पुढचा प्रश्न. "काय काय तपासायचंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळं." त्या हसल्या. "सगळं म्हणजे काय काय, ते सांगा."

हा प्रश्न घेऊन थोडं बसायला हवं. पाणी विचारल्याशिवाय काही सांगत नाही, आणि जे विचारलं तेवढंच सांगतं. १९७० च्या दशकापासून बांगलादेशात लाखो नळविहिरी खोदल्या, कारण तळ्यांचं पाणी पिऊन मुलं जुलाबानं मरत होती. हेतू चांगला, काम मोठं. जंतूंच्या दृष्टीनं ते पाणी तळ्यापेक्षा कितीतरी बरं. आर्सेनिक आहे का, असं सुरुवातीला कुणी विचारलंच नाही. कळलं तेव्हा माणसांच्या तळहातांवर, तळपायांवर गाठी उठल्या होत्या. मग घरोघर जाऊन पंपांना रंग दिले: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. वर्षानुवर्षं ज्याचं पाणी प्यालो तो दारातला पंप एका दुपारी लाल झालेला बघणं कसं असेल?

पुढच्या खेपेला नीट भरलेल्या बाटल्या आणि यादी घेऊन गेलो. सामू, विरघळलेले एकूण क्षार, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट आणि कोलिफॉर्म. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात आणि उसाच्या पट्ट्यात एवढं विचारलं तरी पुष्कळ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत खासगी विहिरीचा नमुनासुद्धा फी भरून तपासून मिळतो. लोकांना वाटतं तशी काही ती लांबची गोष्ट नाही.

उठा, पोहरा सोडा. हळू. दोर हातातनं सरकताना त्याचा ओलावा जाणवेल. हा दोर रोज किती हातांतून जातो, अंगणात कुठं पडतो, ते आठवा. पोहरा पाण्याला टेकल्याचा आवाज येईल, मग जड होईल. पहिला पोहरा ओतून द्या. दुसरा घ्या. मोठ्या बाटलीत थोडं पाणी घ्या, हिसळा, ओता. तीनदा. या पाण्याखेरीज दुसऱ्या कशाचीही आठवण त्या बाटलीत राहता कामा नये. मग काठोकाठ भरा. छोटीचं बूच आता उघडा, तोंडाला बोट लागू देऊ नका, बूच दगडावर ठेवू नका, हातातच उलटं न करता धरा. भरा, वर थोडी हवा राहू द्या. लावा. या दोन मिनिटांत तुम्ही बोलला नाहीत, हे लक्षात आलं का? कुणीच बोलत नाही.

जडपणाची तपासणी कशी करतात ते मला उभं राहून बघू दिलं होतं. चंबूतल्या पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट टाकली की कोकमाच्या सरबताचा रंग येतो. वर ब्युरेटमध्ये ईडीटीएचं द्रावण. ते थेंब थेंब सोडायचं, दुसऱ्या हातानं चंबू गोल गोल हलवायचा. ईडीटीए कॅल्शियमला पकडतं, मग मॅग्नेशियमला. बराच वेळ काहीच होत नाही. बाईंचं बोट ब्युरेटच्या तोटीवर, नजर चंबूवर. कोकम जरा जांभळं पडतं. थेंब. आणखी जांभळं. थेंब. आणि एका थेंबाला सगळा चंबू निळीसारखा निळा. त्यांनी ब्युरेटवरचा आकडा वाचला आणि वहीत लिहिला. आईच्या डाळीचं उत्तर मिलिलिटरमध्ये आलं होतं.

जंतूंसाठी तर आणखी सोपी एक बाटली गावागावांत वापरतात. १९८२ मध्ये आपल्याच देशातल्या संशोधकांनी ती रीत काढली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं आणि ठेवून द्यायची. विष्ठेचा संसर्ग असला तर दिवसा-दोन दिवसांत पाणी काळं होतं. मी ती घरी फडताळात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आई साखरेचा डबा काढायला गेली आणि तिनं हाक मारली, "अरे, हे शाईसारखं काय ठेवलंयस?"

आठ दिवसांनी कागद हातात आला. तुमच्याही हातात असाच येईल, म्हणून तो कसा वाचायचा ते सांगतो. बरेचसे आकडे नजरेखालून घाला आणि पुढं जा, सामू ६.५ ते ८.५ मध्ये असला तर त्यापाशी रेंगाळू नका. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह. आमचे त्याच्या थोडे वर होते, जडपणाही २०० च्या वर. मग शेजारचा रकाना बघा. भारतीय मानकात दोन मर्यादा असतात. पहिली स्वीकारार्ह. दुसरी, पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची. क्षार दुसऱ्या रकान्यात २००० पर्यंत चालतात, जडपणा ६०० पर्यंत. त्या दुसऱ्या रकान्याकडं मी बराच वेळ बघत होतो. दुसरा स्रोत नसेल तर. मानक लिहिणाऱ्यांना देश माहीत होता. शरीर तेच, पण ज्याच्याकडं पर्याय नाही त्याच्यासाठी आकडा तिप्पट-चौपट.

काही ओळींना दुसरा रकाना नाही. नायट्रेटपुढं सवलत नाही, ४५ म्हणजे ४५. आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकसुद्धा सापडता कामा नये. आमच्या कागदावर या दोन्ही ओळींखाली लाल रेघ होती.

आईनं कागद हातात घेतला नाही. म्हणाली, "पन्नास वर्षं पितोय आम्ही हे पाणी. काय झालं?"

या वाक्याला घाईनं उत्तर देऊ नका, मी दिलं होतं आणि ते चुकलं. ती खोटं बोलत नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा परड्यात शोषखड्डा नव्हता. उकिरडा रानात होता, गोठ्यात दोनच जनावरं होती. रासायनिक खताची गोणी गावात कुणाकडं तरी असायची आणि लोक ती बघायला जायचे. ती ज्या पाण्याची ग्वाही देते ते पाणी बहुधा खरंच चांगलं होतं. आता आडात डोकावताना तिला तेच दिसतं.

त्याच आठवड्यात योगायोगानं आरओ फिल्टरचा एक विक्रेता दारात आला. त्यानं आडाच्या पाण्याच्या ग्लासात विजेची कांडी बुडवली. मिनिटाभरात पाणी तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखं. "बघा काकू, हे पिताय तुम्ही." आई घाबरली. ही जुनी हातचलाखी आहे. कांडीतलं लोखंडच विजेनं गंजून पाण्यात उतरतं, आणि पाण्यात क्षार असले की झालंच. आरओनं नायट्रेट कमी होतं, हे खरं आहे. पण त्यानं जे दाखवलं त्याचा नायट्रेटशी काडीचा संबंध नव्हता. खऱ्या तपासणीच्या कागदानं जी हलली नव्हती ती आई खोट्या तपासणीच्या रंगानं हलली. मला राग आला, मग वाटलं, काळी पडलेली ती फडताळातली बाटली मी तिला नीट दाखवायला हवी होती. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी माणसाला लागतं.

शेवटी पिण्याचं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं भरायला लागलो, आडाचं धुण्याभांड्यांना आणि जनावरांना. शोषखड्डा बुजवून नवा, चढाच्या उलट बाजूला खणला. तिथंही ५० फूट पुरे भरले नाहीत, ४१ भरले. उकिरडा रानात गेला. उसाचं काय करायचं ते माझ्या एकट्याच्या हातात नाही, बांधापलीकडचा ऊस दुसऱ्याचा आहे. कागदावरचा नायट्रेटचा आकडा एका पावसात खाली येत नाही, हे ऐकून ठेवलंय.

आणि आज ही दुसऱ्या तपासणीची बाटली. ऑक्टोबर आहे, पाऊस संपलाय.

आई कधीची दारात उभी होती. आता आली, माझ्या हातातला दोर बघितला, म्हणाली, "असा नव्हं धरायचा, पोहरा दगडाला लागतो." तिनंच घेतला. तिच्या हातात रहाट कुरकुरलासुद्धा नाही. छोटी बाटली भरताना मी सांगितलं, तोंडाला हात लावू नको. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसलो.

चिठ्ठी भरायची होती. तारीख, वेळ, गाव, तालुका लिहिलं. मग 'स्रोताचं नाव'.

"आडाला कुठं नाव असतंय?" मी म्हटलं.

ती थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली. "आत्याबाईंचा आड म्हण," ती म्हणाली. माझ्या आज्जीला ती आत्याबाई म्हणायची. "आम्ही सगळ्या तेच म्हणायचो."

मी लिहिलं. तिनं बाटल्या बर्फाच्या डब्यात आडव्या पडणार नाहीत अशा ठेवल्या, त्यांच्यामध्ये ओलं फडकं कोंबलं, आणि पोहऱ्यात उरलेलं पाणी अळवाच्या वाफ्यात ओतलं.

"सात पन्नास झालेत," ती म्हणाली. "वेळ बरोबर लिही. त्या बाई विचारत्यात."